आफ्रिकेतलं निघोज

माझी मामेबहीण दक्षिण आफ्रिकेला जाऊन आली, फोनमध्ये शेकड्यांनी फोटो, सिंह, गेंडे, जिराफ, आणि त्यात मध्येच एका कातळाचा फोटो आला आणि मी ओरडलोच की अगं हे तर निघोज, आपल्या कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांचं गाव! कातळाचा रंग लालसर-पिवळा होता, आपल्यासारखा काळा नव्हे, पण आत कोरलेले गोल गोल रांजण अगदी तस्सेच. ती म्हणाली, नाही रे, हे तिथल्या म्पुमलांगा प्रांतातले बुर्क्स लक पॉटहोल्स, म्हणजे रांजणखळगेच. आफ्रिका म्हणजे सिंह बघायला जायचं हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की असे कातळ राहूनच जातात, म्हणून हे लिहितोय.

म्पुमलांगा म्हणजे सूर्य उगवतो ती जागा. क्रुगर नॅशनल पार्कचा दक्षिणेकडचा भाग याच प्रांतात येतो. पश्चिमेला उंच पठार, ते एकदम तुटतं आणि खाली गरम सपाट जंगल सुरू होतं, म्हणजे घाटमाथा आणि तळकोकण डोळ्यासमोर आणा, फक्त समुद्र पूर्वेला. या तुटलेल्या कड्यात ब्लाइड नदीने साधारण 26 किलोमीटर लांब दरी कापलीय आणि दरी सुरू होते तिथेच ट्रूर नदी येऊन मिळते. ट्रूर म्हणजे दुःख, ब्लाइड म्हणजे आनंद. बोअर लोकांची, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांची, एक तुकडी समुद्राकडची वाट शोधायला गेली, ते मेले असं समजून मागे राहिलेल्यांनी एका नदीला दुःखाचं नाव दिलं, मग ते परत भेटले म्हणून दुसरीला आनंदाचं, असं सांगतात. स्थानिक सेपेडी भाषेत ब्लाइडचं नाव मोत्लात्से.

आता रांजणखळगे, म्हणजे नदीने कातळात कोरलेले ते गोल खड्डे, कसे होतात ते. बहुतेकांना वाटतं की तळातले मोठे गोटे गरगर फिरून खलबत्त्यासारखा खड्डा कुटतात. गोटे थोडंफार काम करतात, पण भिंतींचं खरं काम रेतीचं. घरी करून बघा, चहा न गाळता कपात ओता, चमच्याने गोल फिरवा आणि चमचा काढून घ्या. पत्ती कडेला जायला हवी ना? ती मधोमध गोळा होते. कारण तळाशी घासून पाणी हळू होतं, वरचं पाणी मात्र जोरात फिरतंय, त्याचा बाहेरच्या बाजूला जास्त दाब, म्हणून पाणी कडेने खाली उतरतं, तळावरून मध्याकडे सरकतं आणि मधून वर चढतं. हे कोडं आइनस्टाइनने 1926 साली नद्यांच्या वळणांवर लिहिताना उलगडून दाखवलं, आणि क्रुगर नॅशनल पार्क झाला तोही त्याच साली.

खळग्यातही हेच होतं. पुरात कातळातल्या एखाद्या भेगेपाशी, पायरीपाशी भोवरा धरतो, बारीक रेती मधून वर उचलली जाते, फेकली जाऊन भिंतीला घासते, कडेने खाली येते, परत वर, आणि हे सतत. पॉलिश पेपर फिरवावा तसं. खड्डा जितका खोल तितका भोवरा आत पक्का बसतो आणि पक्का बसला की खड्डा अजून खोल. पण रेती नेमकी लागते, फार कमी असेल तर घासायला हत्यारच नाही, फार जास्त झाली तर तळावर तिचा थर बसतो आणि तोच कातळाला वाचवतो. शेजारशेजारचे खळगे रुंद होत होत मधली भिंत पातळ होते, फुटते, दोन्ही एक होतात आणि नदीचं पात्र तेवढं खाली जातं. निघोजला कुकडीच्या पात्रात एका कोरड्या खळग्यात हात घातला होता मी, कड पाट्यासारखी गुळगुळीत आणि तळाशी मूठभर रेती, चार गोल गोटे. हत्यारं तिथेच ठेवून कारागीर घरी गेल्यासारखी.

बुर्क्स लक हे नाव टॉम बुर्क नावाच्या सोनं शोधणाऱ्यावरून पडलं. सोनं रेतीपेक्षा कितीतरी जड, म्हणून प्रवाहातून ते अशा खळग्यांत खाली बसतं, त्यामुळे सोनं शोधणारे नदीतले खड्डे उपसून बघतात.

सोन्यावरूनच आठवलं, याच प्रांतातल्या डोंगरांवर दगडी गोल भिंतींचे हजारो अवशेष आहेत आणि त्यावर व्हिडिओ फिरतात की हे लाखो वर्षांपूर्वी परग्रहावरून सोन्यासाठी आलेल्यांनी बांधलं. नाही हो. ती बोकोनी लोकांची घरं, गोठे आणि शेतीच्या पायऱ्या, साधारण 16व्या शतकापासून 19व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या. गुरं पिकात शिरू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी भिंती घातलेले रस्तेसुद्धा सापडलेत! ज्यांनी घाम गाळून उतारावर शेती उभी केली त्यांचं श्रेय काढून कुणा काल्पनिक पाहुण्यांना द्यायचं, याचा मला मनापासून राग येतो, आणि आफ्रिकेच्या बाबतीत हे वारंवार होतं.

दरीतून बाहेर पडलेली ब्लाइड पुढे ऑलिफंट्स नदीला मिळते. ऑलिफंट्स म्हणजे हत्ती. ती क्रुगरमधून वाहते, पुढे मोझांबिकमध्ये लिम्पोपोला मिळून समुद्राला जाते. बहिणीच्या फोनमध्ये ऑलिफंट्सच्या काठावर पाणी पिणाऱ्या हत्तींचाही फोटो आहे, पाणी गढूळ, आणि त्या गाळात वरच्या खळग्यांची भिंत घासून निघालेले कणही असणार.