शिथिलीकरण आणि रक्तदाब : चंद्रा पटेल यांचे संशोधन

श्वसन, स्नायू सैल सोडणे आणि ध्यान शिकवल्यास उच्च रक्तदाब उतरतो का, आणि उतरत असेल तर हे शिक्षण फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात देता येईल का, या दोन प्रश्नांवर डॉ. चंद्रा पटेल यांनी इंग्लंडमध्ये केलेले संशोधन. त्याचा मुख्य काळ १९७३ ते १९८८ असा आहे. सुरुवातीला पटेल लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन येथे जनरल प्रॅक्टिस, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा व्यवसाय, करीत होत्या आणि पहिले प्रयोग त्यांनी तिथल्याच रुग्णांवर केले. संशोधन मोठ्या रुग्णालयातून उगम पावून खाली दवाखान्यांपर्यंत झिरपते, असा वैद्यकातला नेहमीचा क्रम. इथे तो उलटा होता.

या कामाचे एक मूळ मुंबईत आहे. के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ के. के. दाते यांनी देशमुख, दळवी आणि विनेकर या सहकाऱ्यांसह ४७ रुग्णांना शवासन शिकवले व त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. रुग्णाने उताणे पडून रोज सुमारे अर्धा तास संथ, पोटाने श्वास घ्यायचा आणि नाकपुड्यांत आत जाणाऱ्या गार व बाहेर येणाऱ्या उबदार हवेकडे लक्ष ठेवायचे, अशी पद्धत होती. अनेकांचा दाब उतरला, काहींची औषधे कमी झाली. मात्र गट पाडले होते ते औषधांच्या स्थितीनुसार. शवासन सर्वांनाच शिकवले गेल्यामुळे दाब शवासनाने उतरला की नुसत्या वारंवार भेटींनी, हे त्यातून ठरत नव्हते. योगाच्या आरोग्यगुणांवर आपल्याकडे जे असंख्य लेखन होते, त्यातले बहुतेक आजही याच जागी अडलेले दिसते.

पटेल यांचा पहिला अहवाल १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. वीस रुग्ण, योगावर आधारित शिथिलीकरण आणि जोडीला बायोफीडबॅकचे उपकरण. बोटांना लावलेल्या विद्युतअग्रांवरून हे उपकरण त्वचेचा विद्युतरोध मोजते. माणूस ताणात असला की घाम सुटतो, रोध घटतो आणि उपकरणाचा आवाज चढतो. अंग सैल पडत गेले की आवाज उतरतो. आपण खरोखर सैलावलो आहोत की नुसते डोळे मिटून पडलो आहोत, हे रुग्णाला तिथल्या तिथे कळते. वीसपैकी पाच जणांची रक्तदाबाची औषधे पूर्ण थांबवता आली, सात जणांची ३३ ते ६० टक्क्यांनी कमी झाली, चौघांचा दाब आधीपेक्षा चांगला आटोक्यात आला आणि चौघांना रक्तदाबाच्या बाबतीत उपयोग झाला नाही.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्यांचे नाव दात्यांच्या पुढची एक ओळ म्हणून राहिले असते. पण पुढच्या टप्प्यात त्यांनी तुलनेचा गट घेतला. वय व लिंग जुळणारे वीस रुग्ण तितक्याच वेळा दवाखान्यात येऊन तितकाच वेळ कोचावर पडून राहिले. त्यांना शिकवले मात्र काही नाही. वर्षभराच्या पाठपुराव्यात शिकलेल्यांचा दाब उतरलेला राहिला. नुसते पडून राहिलेल्यांचा पाठपुरावा नऊ महिने झाला, त्यांचा दाब फारसा उतरला नाही. तरीही हा गट नंतर निवडलेला होता. म्हणून डब्ल्यू. आर. एस. नॉर्थ यांच्यासह केलेला १९७५चा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा ठरतो. त्यात ३४ रुग्ण यदृच्छेने, म्हणजे कोणाला कुठे घालायचे हे न निवडता, दोन गटांत वाटले. सहा आठवड्यांत प्रशिक्षित गटाचा सरासरी दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. तुलनेच्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर आला. नंतर या दुसऱ्या गटालाही तेच प्रशिक्षण दिले, तेव्हा त्यांचाही दाब पहिल्या गटाइतका खाली आला.

शिकवण्याची रीतही पाहण्यासारखी होती. उच्च रक्तदाब म्हणजे काय, ताणाने शरीरात काय घडते हे रुग्णाला आधी समजावून सांगितले जाई. शिथिलीकरण कोचापुरते राहू नये म्हणून घड्याळाला लाल टिकली चिकटवायची. वेळ बघितली की खांदे सैल सोडायचे. फोन उचलण्यापूर्वी, सिग्नलला गाडी थांबली असताना तेच करायचे. योगातला धार्मिक भाग त्यांनी बाजूला ठेवला होता. क्रॉयडनच्या रुग्णाला त्याची गरज नव्हती, आणि प्रयोगालाही नव्हती.

यामागची शरीरक्रिया थोडक्यात अशी : ताणाच्या प्रसंगी अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते, ॲड्रेनलीन स्रवते, हृदय जोराने धडधडते, लहान रोहिण्या आकसतात आणि दाब चढतो. हा चढ तात्पुरता असतो. असे चढ वर्षानुवर्षे येत राहिले तर दाब कायमचा वाढतो, ही कल्पना मोहक आहे. पण तिचा पुरावा ढोबळ आहे. आनुवंशिकता, मीठ, वजन, मद्य आणि मूत्रपिंडांचे कार्य यांचा वाटा अधिक स्पष्टपणे दाखवता येतो. शिथिलीकरणाने दाब उतरला म्हणून तो ताणानेच चढला होता, असे सिद्ध होत नाही.

साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांच्यासह पटेल यांनी नंतर प्रश्नाची व्याप्ती वाढवली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका मोठ्या उद्योगातील ३५ ते ६४ वयाचे कर्मचारी घेतले होते. वाढलेला रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि रोज दहा वा अधिक सिगारेटी यांपैकी किमान दोन गोष्टी प्रत्येकात होत्या. आरोग्यविषयक पत्रके सर्वांना मिळाली. एका गटाला त्याशिवाय आठ आठवडे, आठवड्यातून एक तास, श्वसन, शिथिलीकरण, ध्यान आणि ताण हाताळणे शिकवले. चार वर्षांनंतरचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले तेव्हाही दाबातला फरक टिकून होता आणि हृदयविकाराच्या घटना तुलनेच्या गटात अधिक होत्या. अर्थात दोनशेच्या आसपास माणसांत अशा घटना मोजक्याच घडतात. त्यावरून मोठा दावा करणे धोक्याचे असते.

त्याच वर्षी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा सौम्य उच्च रक्तदाबावरील मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १७,३५४ रुग्ण होते आणि तो जनरल प्रॅक्टिशनरांच्या दवाखान्यांतून चालला. औषधांनी पक्षाघात कमी होतात हे त्यातून दिसले, पण एक पक्षाघात टाळण्यासाठी सुमारे ८५० जणांना वर्षभर गोळ्या द्याव्या लागत होत्या. ज्यांना काही त्रास होत नाही अशा इतक्या माणसांना जन्मभर गोळ्या द्यायच्या का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे उघडा पडला. पटेल व मार्मट यांनी या प्रयोगातल्याच काही रुग्णांना घेऊन, शिथिलीकरण साध्या दवाखान्यांतले डॉक्टर व परिचारिका शिकवू शकतील का, हे तपासले. १९८८ मधले त्यांचे उत्तर ‘होय’ असे होते.

पण रक्तदाब ही मोजायला फसवी गोष्ट आहे. १९८३ मध्ये इटलीत ज्युसेप्पे मान्चिया यांनी रोहिणीत नळी घालून सतत नोंद घेतली, तेव्हा नुसते डॉक्टर खाटेजवळ आल्याने वरचा आकडा सरासरी २७ व खालचा १५ मिलिमीटरपर्यंत चढताना दिसला. रुग्ण त्याच दवाखान्यात आठवडाभराने पुन्हा पुन्हा येत राहिला की ही भीड मोडते आणि दाब आपसूक उतरतो. शिवाय ज्यांचा आकडा त्या दिवशी जास्त भरला तेच निवडले जातात, म्हणून पुढच्या मोजणीत सरासरी खाली येणे ठरलेलेच. शिथिलीकरणाचे श्रेय यातून वेगळे काढायचे तर प्रशिक्षणापूर्वी पुष्कळ दिवस नुसती मोजणी करून रुग्णाला सरावू द्यावे लागते. डी. डब्ल्यू. जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९३च्या प्रयोगात नेमके हेच केले. दवाखान्यातल्या मोजणीत नाही आणि दिवसभर अंगावर ठेवलेल्या यंत्राच्या नोंदीतही नाही, ताण-व्यवस्थापनाचा परिणाम दिसला नाही.

पटेल यांच्या निष्कर्षांना लागलेला हा सर्वांत मोठा तडा. त्यांनी पूर्वी दात्यांच्या पद्धतीत जी उणीव भरून काढली होती, तशीच उणीव आता त्यांच्याही प्रयोगांत काढली गेली. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८च्या आढाव्यात पंचवीस प्रयोगांची बेरीज केल्यावर दाबात सरासरी ५.५/३.५ मिलिमीटरची घट दिसली. परंतु शिथिलीकरणाची तुलना लुटुपुटीच्या उपचाराशी केलेले प्रयोग वेगळे काढले, तेव्हा ती घट कमी झाली आणि संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही. बहुतेक प्रयोगांचा दर्जा सुमार असल्याचेही आढाव्यात नमूद आहे. कोणते उपचार द्यावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००४ मध्ये प्राथमिक आरोग्यसेवेसाठी जे मार्गदर्शन दिले त्यात मधला मार्ग होता. शिथिलीकरणाने दाब उतरू शकतो, कोणाला ते करायचे असल्यास जरूर करावे. पण सरकारी दवाखान्यांनी ते सरसकट पुरवण्याची शिफारस त्यात नव्हती.