बांधकाम साधनांची देवघेव (पुणे)

एका साइटवर पडून असलेली यंत्रे, सेंटरिंगचे (स्लॅब ओतताना खाली लावायच्या साच्याचे) सामान, उरलेला माल किंवा खोदाईचा मुरूम दुसऱ्या साइटने वापरण्याची पद्धत. शाश्वत बांधकामाच्या चर्चेत ती अलीकडे आली असली, तरी पुण्यातल्या छोट्या ठेकेदारांना ती नवी नाही.

सेंटरिंगच्या लोखंडी प्लेटा हे तिचे ठळक उदाहरण. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवतात. तोवर प्लेटा अडकलेल्या. सुटल्या की पुढच्या स्लॅबपर्यंत रिकाम्या. म्हणून त्या विकत न घेता भाड्याने आणणे परवडते. प्रत्येकाच्या प्लेटांवर ऑइलपेंटने आद्याक्षरे काढलेली असतात. परत करताना मोजणीपेक्षा भांडण जास्त होते ते चिकटलेल्या काँक्रीटवरून: खरवडून तेल कोणी लावायचे? मिक्सर आणि ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे व्हायब्रेटरही असेच फिरतात. सिमेंटचे मात्र जमत नाही. ५० किलोची गोणी तीन महिन्यांत जोर गमावू लागते, आणि फोडलेली गोणी जाणता मिस्त्री फुकटही घेत नाही.

कोथरूड, सहकारनगर भागांतल्या जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासात इमारत पाडणारा ठेकेदार बहुधा उलट पैसे मोजतो, कारण सळई, ग्रिल, दारे-खिडक्या त्याच्या पदरात पडतात. पेठांतल्या वाड्यांचे सागवानी खांब आणि तुळया तर मोडीत जातच नाहीत. त्यांना हॉटेले व फार्महाउसची गिऱ्हाइके ठरलेली. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कड्या, कोयंडे, बिजागऱ्याही मिळतात.

उरलेल्या राडारोड्यासाठी २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा काढणाऱ्यावर वर्गीकरणाची जबाबदारी टाकली. त्याच वर्षीच्या आयएस ३८३ मानकाने काँक्रीटच्या मलब्यापासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, तर एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के वापरायला मुभा दिली. महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीत आहे, तिथेच दगडखाणीही आहेत. नवी खडी इतकी जवळ असताना जुनीला मागणी आणणे सोपे नाही.

सर्वांत अवघड देवघेव मुरमाची. पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर भरावाला वापरली, तर केवळ खोदाईवरून स्वामित्वधन (गौण खनिजावरची सरकारी रॉयल्टी) लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्याच खटल्यात म्हटले. तोच मुरूम रस्त्यापलीकडच्या प्लॉटवर न्यायचा तर रॉयल्टी आणि वाहतूक पासचा प्रश्न उभा राहतो. शिवाय इकडची खोदाई आणि तिकडचा जोत्याचा भराव एकाच आठवड्यात क्वचितच येतात, आणि मधल्या काळात ढीग टाकायला शहरात जागा नसते.