तुटलेले निपल काढणे

तुटलेले निपल काढणे : नळ बदलताना भिंतीतल्या एल्बोमध्ये (काटकोनी जोड) किंवा टीमध्ये (तीन तोंडांचा जोड) मोडून राहिलेला निपलचा, म्हणजे आटे पाडलेल्या आखूड नळीचा, तुकडा भिंत न फोडता, साध्या हत्यारांनी बाहेर काढण्याचे प्लंबिंगमधील काम. ठाणे-नवी मुंबईत ते नित्याचे आहे. नौपाड्यातील जुन्या इमारती आणि वाशी-नेरूळमधील सिडकोची सुरुवातीची घरे सीपीव्हीसी या प्लास्टिक पाइपांचा प्रसार होण्याआधीची, म्हणजे जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपांच्या जमान्यातली. इमारत पुनर्विकासाला जाणार असे एकदा ठरले की पाइप बदलायला कोणी पैसे घालत नाही, आणि पुनर्विकास लांबत राहतो. तोवर आटे गंजतात.

जीआय पाइपावर आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो आणि उघडे लोखंड पाण्याला लागते. त्यात पितळी नळ बसवला असेल तर दोन धातूंच्या जोडीमुळे लोखंड अधिक वेगाने झिजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांतल्या बारीक फटी भरून जोड घट्ट धरला जातो. अर्ध्या इंची पाइपाला इंचाला 14 आटे असतात आणि ते 16 ला 1 या प्रमाणात निमुळते होत जातात. आट्यांच्या मुळाशी धातू सगळ्यात पातळ असतो. जोर लावला की निपल नेमके तिथे मोडते.

गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह आधी बंद करतात. जुने व्हॉल्व्ह पुरते बंद होत नाहीत, म्हणून घरातला दुसरा नळ उघडून खात्री करावी लागते. तुकडा थोडा बाहेर असेल तर रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडून काही तास वाट पाहतात, हलके ठोके देतात आणि पाइप पान्याने आधी केसभर आवळून मगच उलटे फिरवतात. एल्बो उघडा असेल तर तो दुसऱ्या पान्याने धरणे आवश्यक. नाहीतर मागचा जोड फिरतो.

तुकडा आतच मोडला असेल तर निमुळता, डाव्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर किंवा जुन्या कानशीची चौकोनी शेपटी ठोकून फिरवतात. हा उपाय वाटतो तितका निर्धोक नाही. पाचर जास्त ठोकली की तुकडा फुगतो आणि आट्यांत आणखी रुततो. एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर त्याच्या कडक पोलादाला साधा ड्रिलही लागत नाही.

ब्लेडची पद्धत वेळखाऊ, पण अधिक भरवशाची. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला एका टोकाला कापड गुंडाळून, दाते आपल्याकडे करून, निपलच्या आतून बाहेरच्या दिशेने एकमेकींच्या जवळ दोन चिरा पाडतात. चिरेच्या तळाशी एल्बोच्या आट्यांच्या रेषा दिसू लागल्या की थांबायचे. मधली पट्टी बारीक छन्नीने आत दुमडली की उरलेले कडे सैल पडते. निपल भंगारात जाणारच असते, जपायचे असतात ते एल्बोचे आटे. त्यांवरचा हलका ओरखडा सूत-सफेद्याने (धागा आणि पांढरा लेप) किंवा टेफ्लॉन टेपने भरून निघतो. खोल चीर मात्र खालच्या मजल्याच्या छतावर ओल होऊन दिसते.

गरम करून सैल करणे उघड्या लोखंडी जोडापुरतेच ठीक. टेफ्लॉन तापल्यावर विषारी वाफा निघतात आणि शेजारचा सीपीव्हीसी मऊ पडतो. सीपीव्हीसी एल्बोमधला पितळी आटा तर जास्त जोर लावल्यास प्लास्टिकमध्येच फिरतो. मग टाइल फोडण्यावाचून इलाज नाही. रविवारी संध्याकाळी, हार्डवेअरची दुकाने बंद असताना, हे काम काढू नये हे उत्तम.

तुकडा निघाल्यावर आटे तारेच्या ब्रशने साफ करून नव्या नळाच्या आट्यांवर टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळतात. नवा नळ बसवल्यावर भिंतीलगतचा फ्लँज (जोड झाकणारी गोल चकती) लगेच दाबत नाहीत. पाणी सोडून रात्रभर जोड कोरडा राहतो का, ते पाहून मगच तो सरकवतात.