मधल्या स्विचवर गिटार नाकातून का बोलते?

एका मित्राने जुनी इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आणून टाकली. तक्रार चमत्कारिक होती. ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) पिकअप एकटा लावला की आवाज टणटणीत, नेकजवळचा (गिटारच्या दांड्याकडचा) एकटा लावला की गोल आणि भरदार. पण स्विच मध्ये आणून दोघांना एकत्र वाजवलं की आवाज वाढायच्या ऐवजी पार चिपाड. नाक चिमटीत धरून कुणी गावं, तसा. नेकचा पिकअप आपणच बदलला होता, हे त्याने बऱ्याच वेळाने कबूल केलं.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची वायर. ही वायर केसाइतकी बारीक असते, जाडी सुमारे 0.06 मिलिमीटर. नेहमीच्या सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपमध्ये, तिचे सात-आठ हजार वेढे असतात. उलगडली तर किलोमीटरभर भरेल. गिटारची पोलादी तार चुंबकाच्या जवळ थरथरली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वायरमध्ये इवलासा विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं ते हेच. नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप ढिम्म राहतो.

तार पिकअपच्या दिशेने आली की दाब अधिक होणार की उणे, हे तीन गोष्टींवर ठरतं: चुंबकाचा कुठला ध्रुव वर आहे, वेढे कुठल्या दिशेने घातलेत आणि वायरचं कुठलं टोक ग्राउंडला (सगळ्या जोडणीच्या सामायिक शून्य दाबाच्या टोकाला) जोडलंय. पिकअप एकटा असेल तर यातलं काहीही उलटलं तरी कानाला पत्ता लागत नाही. दुसरा जोडीला आला की मात्र एक जण ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, अशी गत होते. याला ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात.

मग आवाज पूर्ण नाहीसा का होत नाही? मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत गमतीचा वाटतो. तार एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरत असते: अख्खी, दोन भागांत, तीन भागांत, आणि पुढे तशीच. प्रत्येक प्रकाराचा एक उपस्वर. शेजारशेजारचे भाग नेहमी परस्परविरुद्ध दिशेने हलतात आणि त्यांच्या सांध्यावरचा बिंदू जागचा हलत नाही. आता नेक पिकअप मोकळ्या तारेच्या साधारण पाव लांबीवर असतो, ब्रिजपासून मोजलं तर. पहिल्या तीन प्रकारांत तारेचा ब्रिजकडचा भाग इतका लांब असतो की दोन्ही पिकअप त्याच्याच खाली येतात. त्यांना एकच हालचाल दिसते, म्हणून वायर उलटी असली की ती बरीचशी वजा होते. चौथ्यात नेक पिकअप जवळपास न हलणाऱ्या बिंदूखालीच सापडतो. पाचव्यापासून गणित फिरतं: तो स्थिर बिंदू दोन पिकअपच्या मधे येतो, दोघांना उलट हालचाली दिसतात आणि उलट्या वायरमुळे त्या चक्क बेरजेत जातात. पाचवा, सहावा, सातवा उपस्वर वर येतो, मूळ स्वर आणि खर्ज बसतो. नाकातला आवाज तो हा.

खात्री करायला गिटार उघडावी लागत नाही. जॅकमध्ये केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर जोडायचा, रोध मोजायच्या 20 किलोओहमच्या रेंजवर. व्हॉल्यूम पूर्ण वर. सिंगल कॉइल सहसा 5 ते 8 किलोओहम दाखवते. आता पोलादी स्क्रूड्रायव्हर पिकअपला टेकवून झटक्यात वर उचलायचा. आकडा क्षणभर वर उडतो किंवा खाली जातो. दोन्ही पिकअपवर तो एकाच दिशेने गेला तर सगळं ठीक. आमच्या गिटारवर एकदा वर गेला, एकदा खाली.

पिकअपच्या वायरच्या रंगांवर विसंबू नये, असं माझं मत आहे. एका कंपनीची लाल वायर हॉट, म्हणजे आवाज पुढे नेणारी, असते, दुसरीकडे तीच लाल वायर दोन कॉइलच्या पिकअपमधल्या सांध्याची.

उपाय सोपा: एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करून सोल्डर करायच्या. मी केल्या. आवाज भरला, पण नेक पिकअपच्या धातूच्या टोपीला बोट लागलं की अ‍ॅम्प गुरगुरायला लागला. टोपी एका छोट्या तुकड्याने कॉइलच्या ग्राउंडच्या टोकाला जोडलेली होती आणि आता ते टोक हॉट झालं होतं. जी टोपी बाहेरचा गोंगाट अडवायची, तीच अँटेना झाली. त्याऐवजी ब्रिज पिकअप उलटावा तर त्याच्या बुडाशी धातूची पट्टी, तिचीही तीच तऱ्हा. शेवटी तो तुकडा कापला आणि टोपीपासून ग्राउंडला वेगळी तिसरी वायर नेली. हे करताना केसाइतकी वायर तुटली की पिकअप गेलाच समजा, म्हणून हात लावण्याआधी दोनदा श्वास घेतला.

हमबकर नावाच्या दोन कॉइलच्या पिकअपमध्ये हाच खेळ मुद्दाम खेळलेला असतो. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला ती रचना अशी: दोन कॉइल, चुंबकाचे ध्रुव उलट, जोडणीही उलट. तारेच्या बाबतीत दोन उलट मिळून सुलट होतं आणि आवाज जोडला जातो. घरातल्या विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची घरघर चुंबकाला विचारत नाही. तिच्यासाठी एकच उलट उरतं आणि ती वजा होते. त्यामुळे आतली एक कॉइल चुकून उलटी जोडली तर आवाज बराचसा जातो आणि घरघर दुप्पट राहते.

तारांना हात लावला की घरघर कमी होणं हा बिघाड नाही. हात लावल्यावर ती वाढली, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात का ते आधी बघावं. गिटार उघडी असताना वाजते आणि झाकण लावलं की मुकी होते? मग एखादं उघडं टोक आत गोंगाट अडवायला लावलेल्या, ग्राउंडला जोडलेल्या तांब्याच्या पत्र्याला टेकतंय.

मित्राने दुरुस्त गिटार वाजवून पाहिली, स्विच दोनदा मध्ये आणला आणि म्हणाला, “तो आधीचा आवाज पण मला हवाय.” त्याला दोष देता येत नाही. फ्लीटवुड मॅक बँडचा गिटारवादक पीटर ग्रीन याच्या 1959 च्या गिब्सन लेस पॉल गिटारमध्ये नेक पिकअपचं चुंबक उलटं होतं आणि तिच्या मधल्या स्विचवरच्या आवाजावर लोक आजही जीव टाकतात. मग टोनचा पॉट (बटणाखालचा फिरता रोध) काढून तिथे पुश-पुल पॉट बसवला, ज्यात वर-खाली होणारा स्विचही असतो. खाली ढकलला की भरदार, वर ओढला की नाकातून.