एसयूएस आणि मार्स: आरोग्य-अॅप मोजायच्या दोन पट्ट्या

एका अभ्यासात एका अॅपला १००पैकी ७५ गुण, दुसऱ्या अभ्यासात दुसऱ्या अॅपला ५पैकी ३.८. मग कुणीतरी ३.८ला २०ने गुणून ७६ काढतं आणि दुसरं अॅप वरचढ ठरवतं. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत असं दिसलं की जीव हळहळतो, कारण माहिती गोळा करण्याचे कष्ट खरे असतात.

पहिले गुण एसयूएसचे, म्हणजे सिस्टिम युजेबिलिटी स्केलचे. जॉन ब्रूक यांनी ही प्रश्नावली १९८६ साली तयार केली. तेव्हा मोबाइल अॅप नव्हतीच, त्यामुळे तिच्यात आरोग्याबद्दल अवाक्षर नाही. दहा विधानं असतात; ज्यानं अॅप वापरलं त्यानंच प्रत्येकापुढे १ ते ५पैकी एका आकड्यावर खूण करायची. विषम क्रमांकाची विधानं कौतुकाची, सम क्रमांकाची तक्रारीची. समजा, रक्तदाबाची नोंद ठेवणारं अॅप वापरून एका बाईंनी सगळ्या विषम विधानांना ४ आणि सम विधानांना २ दिले. विषमच्या उत्तरातून १ वजा करायचा, समचं उत्तर ५मधून वजा करायचं. प्रत्येक विधानाचे ३, एकूण ३०, गुणिले २.५, म्हणजे ७५. हे ७५ टक्के नव्हेत! सरासरी साधारण ६८ धरतात, त्याहून ते थोडे वर, इतकंच. न वाचता सरसकट ५वर खुणा करणाऱ्याचे गुण बरोबर ५० येतात, म्हणून कागद एकेक करून पाहावेत.

दुसरे गुण, ते ३.८, मार्सचे, म्हणजे मोबाइल अॅप रेटिंग स्केलचे. ही पट्टी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये खास आरोग्य-अॅपसाठी मांडली. इथे गुण देतो तो प्रशिक्षित परीक्षक, रुग्ण नव्हे. २३ प्रश्नांपैकी १९ चार गटांत येतात: गुंतवून ठेवणं, कामकाज, देखणेपणा आणि माहितीचा दर्जा. या चार गटांच्या सरासरीची सरासरी हाच मुख्य आकडा. (सामान्य वापरकर्त्यांसाठी यूमार्स ही वेगळी आवृत्ती आहे, नावांमुळे तिथेही घोळ होतो.)

दुकानातल्या पन्नास अॅपमधून चांगली निवडायची असतील तर मार्स घ्या. तुमचंच अॅप रुग्णांच्या हाती देऊन ते कुठे अडतात हे पाहताना एसयूएस घ्या, पण सोबत त्यांच्या शेजारी बसा. नुसत्या गुणांवरून कुठलं बटण सापडलं नाही ते कळत नाही.

रक्तदाब उतरला का, हे मात्र दोन्ही सांगत नाहीत. त्यासाठी तुलनागट असलेली चाचणीच हवी. मार्सचा १९वा प्रश्न पुराव्याचा आहे खरा, पण अॅपची चाचणीच झाली नसेल तर तिथे ‘लागू नाही’ लिहितात आणि तो प्रश्न सरासरीतून गळतो. चाचणीत नापास झालेल्या अॅपला तिथे १ मिळतो. म्हणजे बाकी गुण सारखे असतील, तर कधीच न तपासलेलं अॅप पुढे जातं. मला हे फार खटकतं. म्हणून १९व्या प्रश्नाचं उत्तर सरासरीत दडवू नका, तक्त्यात त्याचा वेगळा रकाना द्या.