कॅमेऱ्याची झोप आणि विजेचा हिशेब

घरासाठी कमी किमतीचा सुरक्षा कॅमेरा घ्यायचे ठरले, की तुलना सुरू होते ती चित्राच्या स्पष्टतेपासून. कोणाचे पिक्सेल जास्त, कोणाचा कोन रुंद, अंधारात कोणाला अधिक दिसते, हे बारकाईने पाहिले जाते आणि वायरचा घ्यावा की बॅटरीचा, हा प्रश्न मात्र भिंतीला भोके पाडण्याची तयारी आहे की नाही एवढ्यावर सोडवला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. कॅमेऱ्याला वीज कोठून मिळते, यावरून तो दिवसातला किती वेळ पाहत असतो हे ठरते; आणि जो क्षण त्याने पाहिलाच नाही, त्याचे चित्र कितीही पिक्सेल असले तरी मिळणार नाही.

थोडे गणित केले की हे स्पष्ट होते. वायफायवर चालणारा साधा कॅमेरा सतत चित्रीकरण करताना साधारण ३ ते ५ वॅट वीज घेतो. ४ वॅट धरले तर २४ तासांत ९६ वॅट-तास लागतात, म्हणजे दहा दिवसांना जेमतेम एक युनिट. भिंतीतल्या सॉकेटच्या दृष्टीने ही मागणी किरकोळ आहे. बॅटरीच्या दृष्टीने ती प्रचंड आहे. स्वस्त कॅमेऱ्यांत १८६५० या प्रमाणित आकाराचे लिथियम-आयन सेल बरेचदा असतात. २६०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे असे दोन सेल धरले, तर ३.६ व्होल्टच्या हिशेबाने त्यांत मिळून सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते आणि ४ वॅटच्या दराने ती पावणेपाच तासांत संपते. तरीही अशा कॅमेऱ्यांच्या खोक्यावर ‘एकदा चार्ज केल्यावर सहा महिने’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे असतेच असे नाही. १९ वॅट-तास १८० दिवसांना पुरवायचे, तर रोज सुमारे ०.१ वॅट-तास खर्च करता येतो. जागेपणी कॅमेरा २ वॅटच घेतो आणि झोपेत काहीच घेत नाही असे मानले, तरी एवढ्या ऊर्जेत तो दिवसाला सुमारे तीन मिनिटे जागा राहू शकतो. उरलेले तेवीस तास सत्तावन्न मिनिटे त्याने झोपलेच पाहिजे.

बॅटरीचा कॅमेरा म्हणजे वायर काढून टाकलेला कॅमेरा, हा समज येथे मोडतो. वायरचा कॅमेरा रात्रभर डोळे उघडे ठेवून बसलेल्या राखणदारासारखा असतो, तर बॅटरीचा कॅमेरा चाहूल लागताच उठणाऱ्या, पण एरवी गाढ झोपलेल्या राखणदारासारखा. दोघांची कामे वेगळी आहेत आणि एकाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा केली की निराशा होते.

झोपलेल्या कॅमेऱ्याला चाहूल कशी लागते, हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर, भिंगाच्या खाली किंवा शेजारी, दुधी रंगाचा एक छोटा फुगीर पडदा दिसतो. त्याच्यामागे पायरोइलेक्ट्रिक संवेदक असतो, ज्याला व्यवहारात पीआयआर सेन्सर म्हणतात. प्रत्येक उबदार वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकत असते; माणसाच्या शरीराच्या तापमानाला या किरणांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. संवेदकातल्या विशिष्ट स्फटिकावर पडणारी ही उष्णता बदलली की त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युतभार निर्माण होतो. सहसा अशा दोन पट्ट्या एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या असतात, त्यामुळे सगळा परिसर एकदम तापला किंवा थंड झाला तर दोन्हींचे संकेत एकमेकांना खोडून टाकतात. उबदार शरीर आधी एका पट्टीच्या आणि मग दुसरीच्या क्षेत्रातून गेले, की मात्र संकेत उमटतो. दुधी पडदा हा प्लॅस्टिकचा बारीक कंगोऱ्यांचा फ्रेनेल भिंगसमूह असून तो समोरच्या जागेची पंख्याच्या पात्यांप्रमाणे पसरलेल्या क्षेत्रांत विभागणी करतो. या सगळ्याला लागणारा विद्युतप्रवाह काही मायक्रोअँपिअर ते काही दशक मायक्रोअँपिअर इतका अल्प असतो, म्हणूनच हा संवेदक महिनोन्‌महिने जागा राहू शकतो.

या रचनेतूनच तिच्या मर्यादा निघतात, आणि कॅमेरा बसवणाऱ्याने त्या जाणून घेतल्या तर अर्ध्या तक्रारी आधीच मिटतील. कॅमेऱ्यासमोरून आडवा जाणारा माणूस एकामागून एक क्षेत्रे ओलांडतो, म्हणून तो लगेच टिपला जातो. सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येणारा माणूस बराच वेळ एकाच क्षेत्रात राहतो आणि उशिरा टिपला जातो. त्यामुळे बॅटरीचा कॅमेरा वाटेच्या टोकाला, वाटेकडे तोंड करून लावण्यापेक्षा वाटेच्या कडेला लावणे हिताचे. साध्या काचेतून ही दीर्घ तरंगलांबीची किरणे आरपार जात नाहीत, त्यामुळे खिडकीच्या आत ठेवलेला असा कॅमेरा बाहेरच्या माणसाने जागा होणार नाही. भर उन्हाळ्यात परिसराचे तापमान ३५-३६ अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की शरीराचा पृष्ठभाग आणि मागची भिंत यांच्या तापमानात फरकच उरत नाही आणि खोक्यावर लिहिलेला टप्पा प्रत्यक्षात आखडतो. उलट, उन्हात तापलेली आणि वाऱ्याने हलणारी पाने किंवा नुकत्याच थांबलेल्या गाडीचे इंजिन त्याला विनाकारण उठवू शकते.

उठण्यालाही वेळ लागतो. संवेदकाने इशारा दिल्यावर प्रोसेसर चालू होणे, चित्र टिपणाऱ्या चिपने प्रकाशाशी जुळवून घेणे आणि वायफायची जोडणी जागी होणे, या गोष्टी चांगल्या कॅमेऱ्यात एका सेकंदाच्या आत होतात, तर सुमार कॅमेऱ्यात दोन-तीन सेकंद जातात. सामान्य गतीने चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर अंतर कापतो, म्हणजे तीन सेकंदांत तो चार मीटर पुढे गेलेला असतो. चित्रफितीत केवळ पाठ दिसते, चेहरा दिसतच नाही, ही बॅटरीच्या कॅमेऱ्यांबाबतची नेहमीची तक्रार येथून येते. वायरचा कॅमेरा याच्या नेमके उलट वागतो: तो सतत पाहत असल्याने शेवटची काही सेकंदे स्मृतीत धरून ठेवतो आणि हालचाल ओळखल्यावर आधीच्या क्षणांसह फीत साठवू शकतो. शिवाय अनेक बॅटरी कॅमेरे एक फीत संपल्यावर ऊर्जा वाचवण्यासाठी काही काळ पुन्हा उठत नाहीत. हा विश्रांतीचा काळ सेटिंगमध्ये बदलता येतो का, हे घेण्यापूर्वी अवश्य पाहावे. कारण पहिला माणूस टिपला गेला आणि अर्ध्या मिनिटाने आलेला दुसरा सुटला, असे याच काळामुळे घडते.

खोक्यावरचे सहा महिने कोणाच्या दारावर मिळतात, हेही त्याच हिशेबाने काढता येते. झोपेत २ मिलिवॅट खर्च आणि प्रत्येक वेळी २० सेकंद जागरण असे धरले, तर दिवसाला पाच वेळा उठणारा कॅमेरा १९ वॅट-तासांवर खरोखर सहा महिने चालतो. दिवसाला पन्नास वेळा उठणारा मात्र महिन्याभरात थकतो. मागचे दार, कोठीची खोली, बंद असलेले घर अशा शांत जागी बॅटरी उत्तम टिकते. जिना, रहदारीचा रस्ता, मुलांचे खेळण्याचे अंगण अशा जागी तिला सतत चार्जिंगला काढावे लागते, आणि चार्जिंगला गेलेला कॅमेरा तेवढे तास काहीच पाहत नसतो.

रात्र दोघांनाही महाग पडते. सिलिकॉनच्या चिपला माणसाच्या डोळ्यापेक्षा लांब तरंगलांबीचा, सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो. म्हणून कॅमेरे अंधारात ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे अवरक्त एलईडी दिवे लावतात आणि दिवसा रंग बिघडू नयेत म्हणून भिंगामागे असलेला गाळणपडदा बाजूला सरकवतात. तिन्हीसांजेला कॅमेऱ्यातून येणारा ‘टक’ आवाज त्याचाच. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांची मंद लाल चमक दिसते, पण चिपची संवेदनक्षमता तेथे अधिक असल्याने दूरवरचे दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिवे दिसत नाहीत आणि त्यांचा टप्पाही कमी असतो. हे दिवे जळताना विजेचा खर्च एखाद-दोन वॅटने वाढतो. बॅटरीच्या कॅमेऱ्याला ते हात राखून वापरावे लागतात.

बॅटरीवर कॅमेरा चालू शकतो यामागेही एक मोठे संशोधन आहे. पूर्वीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील चित्र टिपणारी सीसीडी चिप बरीच वीज घेत असे. १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतराळयानांसाठी छोटे, हलके कॅमेरे बनवण्याच्या प्रयत्नांतून सीमॉस सक्रिय-पिक्सेल संवेदक विकसित केला. त्याला लागणारी वीज सीसीडीच्या तुलनेत फार कमी होती, आणि आज मोबाइलपासून दारावरच्या कॅमेऱ्यापर्यंत सर्वत्र त्याचेच वंशज आहेत.

वायरच्या कॅमेऱ्याकडे वळताना एक गोष्ट आधी पक्की करावी लागते: वायर दोन कामांसाठी असते, वीज आणण्यासाठी आणि चित्र नेण्यासाठी. कमी किमतीचे बहुतेक ‘वायरचे’ कॅमेरे वीज वायरने घेतात आणि चित्र वायफायने पाठवतात. त्यांना सॉकेटही लागतो आणि राउटरचा सिग्नलही. याहून भक्कम रचना इथरनेटच्या एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेण्याची आहे; २००३ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत शंभर मीटरपर्यंतच्या केबलमधून एका उपकरणाला १५.४ वॅटपर्यंत वीज सोडता येते. तिला सुरुवातीचा खर्च आणि खटपट अधिक लागते, पण घर बांधतानाच किंवा डागडुजीच्या वेळी केबल टाकून ठेवता येत असेल, तर मी निःसंकोचपणे तीच सुचवीन. वायफायवर बाहेरून जोडणी तोडण्याचे खोटे संदेश पाठवून कॅमेरा निकामी करता येतो. डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षापद्धतीत त्याविरुद्धचे संरक्षण सक्तीचे आहे, मात्र जुने राउटर आणि स्वस्त कॅमेरे पुष्कळदा त्याच्या आधीच्या पद्धतीवर चालतात. केबलला हा धोका नाही.

वायरच्या कॅमेऱ्यांत वारंवार आढळणारा दोष मात्र कॅमेऱ्याचा नसून वायरीचाच असतो. सोबत आलेली यूएसबी केबल अपुरी पडते म्हणून पाच मीटरची बारीक केबल जोडली जाते. दिवसा सगळे ठीक चालते आणि अंधार पडताच कॅमेरा पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होतो. कारण साधे आहे. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओम असतो. वीज जाऊन परत येण्याचा दहा मीटरचा मार्ग धरला तर तो २.१ ओम होतो. रात्री दिवे लागून ०.८ अँपिअर प्रवाह वाहू लागला की वायरीतच १.७ व्होल्ट खर्च होतात आणि ५ व्होल्टच्या जागी कॅमेऱ्यापर्यंत ३.३ व्होल्टच पोहोचतात. अशा वेळी जाड तारेची केबल घ्यावी, किंवा ॲडॉप्टर कॅमेऱ्याजवळ नेऊन मुख्य विजेची वायर लांबवावी आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला तेवढ्याच शक्तीसाठी निम्म्याहून कमी प्रवाह पुरत असल्याने त्याला लांब वायर अधिक मानवते.

वीज गेली तर वायरचा कॅमेरा आंधळा होतो, हा बॅटरीच्या बाजूने केला जाणारा नेहमीचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. वीज गेल्यावर राउटरही बंद पडतो, त्यामुळे बॅटरीचा कॅमेरा जागा झाला तरी फोनवर सूचना येत नाही; त्यात मेमरी कार्ड असेल तरच निदान चित्र साठते. ज्या घरात वीज वारंवार जाते, तेथे राउटर आणि कॅमेरा या दोघांना पुरेल असा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर आपल्या बॅटरीतून पुरवठा करणारे उपकरण, लावला तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो, कारण दोघांची मिळून गरज दहा-पंधरा वॅटच्या पुढे सहसा जात नाही.

सतत चित्रीकरणाचा भार कार्डावर पडतो. सेकंदाला २ मेगाबिट या दराने दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे ६४ गिगाबाइटचे कार्ड तीन दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवे लिहिले जाते. एच.२६५ पद्धतीने संकोचन करणाऱ्या कॅमेऱ्यात हीच मुदत जवळपास दुप्पट होऊ शकते. कार्ड मात्र सतत लेखनासाठी बनवलेल्या प्रकारचेच हवे; साधे कार्ड अशा वापरात लवकर झिजते आणि ते बिघडल्याचे नेमके गरजेच्या दिवशी लक्षात येते.

सौरपट्टी जोडलेला कॅमेरा हा या दोघांमधला मार्ग वाटतो, आणि योग्य जागी तो खरोखर उपयोगी आहे. ३ वॅटची पट्टी, तीन-चार तासांचे चांगले ऊन आणि निम्मी घट धरली तरी दिवसाला सुमारे ५ वॅट-तास मिळतात. पन्नास वेळा उठणाऱ्या कॅमेऱ्याची रोजची गरज ०.६ वॅट-तास असल्याने त्याला ते भरपूर झाले. सतत चित्रीकरणाचे ९६ वॅट-तास मात्र अशा पट्टीच्या आवाक्याबाहेर आहेत. पट्टीवर वळचणीची सावली पडत असेल तर एकसरीत जोडलेल्या सेलांमुळे थोड्या सावलीनेही उत्पादन खूप घटते. पट्टी उन्हात आणि कॅमेरा सावलीत, अशी वेगळी बसवता येणारी जोडी घ्यावी, कारण लिथियम-आयन सेल उष्णतेत लवकर म्हातारे होतात. शून्य अंशाखाली असे सेल चार्ज केल्यास तेही त्यांना अपायकारक ठरते.

घराच्या मुख्य दारावर, जेथे कोण आले, केव्हा गेले आणि त्याआधी काय घडले याची अखंड नोंद हवी, तेथे मी वायरचाच कॅमेरा सुचवीन, मग त्यासाठी थोडी कमी स्पष्टता पत्करावी लागली तरी चालेल. भाड्याचे घर, वायर न पोहोचणारे फाटक किंवा क्वचितच कोणी फिरकणारी जागा असेल, तर बॅटरीचा कॅमेरा योग्य आहे. बॅटरी सहज काढता येते का, कार्डाची सोय आहे का आणि मासिक वर्गणी न भरता जुन्या फिती पाहता येतात का, एवढे त्यासाठी तपासावे. खरेदीआधी त्या जागेवरून दिवसभरात किती वेळा कोणी ये-जा करते हे एकदा मोजावे, आणि जेथे कॅमेरा लागणार आहे तेथे फोन धरून वायफायचा जोर पाहावा. सिग्नल क्षीण असेल तर तीच चित्रफीत पाठवायला कॅमेऱ्याला अधिक वेळ जागे राहावे लागते, आणि तो वेळ त्याच १९ वॅट-तासांतून वजा होतो.