सॉफ्टबॉल म्हणजे पोरींचा बेसबॉल नाही ना बाप्पा

नागपुरात कोणाला सांगून बघा की आमची पोरगी बेसबॉल खेळते, लगेच म्हणतात "हो हो, ते सॉफ्टबॉल ना, आमच्या शाळेत होतं". अन् सॉफ्टबॉल खेळणारीला शेजारचे विचारून राहिले की बेसबॉलची मॅच कधी आहे. लोकांचंही काही चुकत नाही म्हणा, दोन्हीकडे चार बेस, दोन्हीकडे ग्लोव्ह अन् बॅट, ग्राऊंडपण तेच, अन् बऱ्याच ठिकाणी शिकवणारे सरपण तेच. पण खेळ दोन आहेत. आणि मुलींच्या बाबतीत हा घोळ महागात पडतो, काहून की मुलींना बेसबॉल खेळायला द्या म्हटलं की समोरून उत्तर तयारच असतं, "सॉफ्टबॉल आहे की त्यांच्यासाठी".

पहिले बॉल घ्या. बेसबॉलचा घेर साधारण २३ सेंटीमीटर, वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या लेदर बॉलच्या अगदी जवळचा, क्रिकेटवाल्या पोरीच्या हातात दिला तर ती फक्त शिवण कुठे धरायची तेवढं शोधते अन् फेकायला लागते. सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच, साडेतीस सेंटीमीटरच्या आसपास, वजन १७८ ते १९८ ग्रॅम. सातवीतल्या पोरीची बोटं त्याला पुरत नाहीत, मग ती बॉल तळहातात दाबून धरते, थ्रो सरळ आभाळात जाते अन् सर ओरडतात "बोटांनी धर, बोटांनी". अन् लागतात दोन्ही सारखेच, त्यामुळे हेल्मेटचा आळस कुठेच करायचा नाही.

खरा फरक पिचिंगचा, म्हणजे बॅटरला बॉल टाकायचा. बेसबॉलमध्ये पिचर १० इंच उंच मातीच्या माउंडवर उभा राहून १८.४४ मीटरवरून खांद्यावरून फेकतो. सॉफ्टबॉलमध्ये माउंड नसतो, जागा सपाट, महिलांसाठी अंतर १३.११ मीटर, अन् बॉल कमरेखालून सुटला पाहिजे. गोफण फिरवल्यासारखा हात पुढून वर जातो, मागून खाली येतो, मांडीला घासतो अन् तिथेच मनगटाचा झटका बसून बॉल निघतो. प्रॅक्टिस संपल्यावर चांगल्या पिचरची पँट बघा, मांडीच्या बाजूला घामाचा अन् मातीचा एक पट्टा उठलेला दिसतो, हात दरवेळी त्याच जागेवरून गेला याचा तो पुरावाच.

आता कोणी म्हणेल की खालून फेकणं म्हणजे सोपं. हिशोब करा. १०५ किलोमीटरच्या स्पीडने आलेला सॉफ्टबॉल १३.११ मीटर जायला साधारण ०.४५ सेकंद घेतो. बेसबॉलला १८.४४ मीटर तेवढ्याच वेळात यायचं असेल तर तो १४८ च्या स्पीडने टाकावा लागेल. म्हणजे बॅटरला विचार करायला वेळ तेवढाच. त्यामुळे सॉफ्टबॉल हलका खेळ आहे अन् म्हणून मुलींना दिला हे जे बोलतात ना, त्यांनी एकदा बॅट घेऊन उभं राहावं.

बेसचं अंतरपण वेगळं, बेसबॉलमध्ये ९० फूट, सॉफ्टबॉलमध्ये ६०. मॅच बेसबॉलची ९ इनिंगची, सॉफ्टबॉलची ७. पण मला सगळ्यात मजा वाटते ती रनरची. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही, सोडला की आऊट. बेसबॉलमध्ये रनर आधीच चार पावलं पुढे सरकून उभी असते, यालाच लीड घेणं म्हणतात, पिचरचं अर्धं लक्ष तिच्यावर, मध्येच तो बॅटरला टाकायच्या ऐवजी पहिल्या बेसवर फेकतो, ती पोटावर पडून परत बेस पकडते, हा जो उंदीर-मांजराचा प्रकार चालतो तो सॉफ्टबॉलमध्ये नाहीच. सॉफ्टबॉलमधून आलेल्या पोरीला बॅटिंग अन् कॅचिंग लवकर जमतं, पण लीड घ्यायची तिची हिंमतच होत नाही, पाय बेसला चिकटलेला राहतो.

मग मुली म्हणजे सॉफ्टबॉल हे गणित आलं कुठून? सॉफ्टबॉल काही मुलींसाठी काढलेला खेळ नाही. १८८७ मध्ये शिकागोच्या एका क्लबात पुरुषांनीच थंडीत आत खेळायला म्हणून तो सुरू केला, पहिला बॉल म्हणजे दोरीने बांधलेला बॉक्सिंगचा ग्लोव्ह. अन् बायका बेसबॉल खेळतच नव्हत्या असंही नाही. १९३१ मध्ये जॅकी मिचेल नावाच्या १७ वर्षांच्या पोरीने प्रदर्शनी सामन्यात बेब रूथ अन् लू गेरिग या त्या काळच्या दोन सगळ्यात मोठ्या बॅटरना लागोपाठ स्ट्राइकआऊट केलं होतं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये आऊट. १९४३ ते १९५४ अमेरिकेत महिलांची व्यावसायिक बेसबॉल लीग चालली. तिची गंमत अशी की सुरुवात झाली १२ इंची बॉलने अन् खालून फेकून, मग दर काही सीझनला बॉल लहान होत गेला, अंतर वाढत गेलं, १९४८ पर्यंत पिचर खांद्यावरून टाकायला लागल्या अन् शेवटी बॉल बेसबॉलच्या मापाचा झाला. म्हणजे मुलींना झेपत नाही वगैरे प्रश्न तिथेच निकालात निघाला होता.

लिटल लीग म्हणजे अमेरिकेतली लहान पोरांची बेसबॉल संघटना, तिने तर मुलींना बंदीच घातली होती. न्यू जर्सीच्या होबोकेनची मारिया पेपे १९७२ मध्ये तीन मॅच खेळली अन् तिला काढलं, केस झाली, १९७४ मध्ये दार उघडावं लागलं. आणि त्याच १९७४ मध्ये लिटल लीगने मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केलं! मला तर यात हुशारीच दिसते, दार उघडलं अन् बाजूलाच दुसरं दार दाखवून दिलं. तरी २०१४ मध्ये मोने डेव्हिस त्याच लिटल लीगच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मुलांना शटआऊट करून गेली, म्हणजे एकही रन दिला नाही.

जपानवाल्यांनी एक बंद करून दुसरं दिलं नाही. त्यांच्या बायकांनी सॉफ्टबॉलचं ऑलिम्पिक गोल्ड दोनदा घेतलं, २००८ ला अन् मग टोकियोत, अन् महिला बेसबॉलचा वर्ल्ड कप २००८ पासून २०२४ पर्यंत सलग सातदा. २०२१ पासून शाळेच्या मुलींच्या बेसबॉलची फायनल कोशिएनच्या स्टेडियमवर होते, जिथे आधी फक्त मुलांची व्हायची. ऑलिम्पिकवाले मात्र अजून तिथेच आहेत, २०२८ ला लॉस एंजेलिसमध्येही पुरुषांना बेसबॉल अन् महिलांना सॉफ्टबॉल.

आता आपल्याकडचं. भारताची महिला बेसबॉल टीम आहे, २०१६ मध्ये दक्षिण कोरियात गिजांगला वर्ल्ड कप खेळून आली. पण नागपुरात शाळेच्या पातळीवर पोरीला आधी भेटतं ते सॉफ्टबॉल, अन् त्याचं साधं कारण जागा आहे. ६० फुटांचा डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात बसतो, बेसबॉलला आऊटफिल्डच केवढं लागतं, अन् रेशीमबागेच्या मैदानावर संध्याकाळी गेलं तर क्रिकेटच्या मॅच एकमेकींच्या अंगावर चालू असतात. मे महिन्यात तर सकाळी लवकरच आटपावं लागतं, जे काय दोन तास भेटतात ते दोन खेळांत वाटायचे.

म्हणून सॉफ्टबॉल बंद करून बेसबॉल आणा असं मी म्हणत नाही, उलट आहे ती शिडी मोडू नका. फक्त आठवड्यातून एक-दोन दिवस त्याच पोरींना लहान बॉल द्या, लांबचे बेस लावा, लीड घ्यायला शिकवा. अन् माझं मत विचाराल तर बेसबॉलच्या पोरी क्रिकेटच्या नेट्समधून शोधा. आपल्या विदर्भाची मोना मेश्राम २०१७ च्या क्रिकेट वर्ल्ड कपमध्ये खेळली, २०२५ ला तर आपण कपच जिंकलो, त्यामुळे क्रिकेटच्या कॅम्पात आता पोरींची गर्दी आहे, पण टीममध्ये अकराच जातात. बाऊंड्रीवरून किपरच्या हातात फ्लॅट थ्रो देणारी पोट्टी सिलेक्शन नाही झालं म्हणून घरी बसून राहिली तर तो वाया गेलेला बेसबॉलचा आऊटफिल्डरच आहे. खांद्याची काळजी मात्र घ्या, लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ पेक्षा जास्त पिच टाकू देत नाहीत, अन् आपल्याकडे पोरगी चांगली टाकते दिसलं की सकाळ-संध्याकाळ तिलाच उभं करतात.

पालकांनी नाव टाकायच्या आधी सरांना सरळ विचारा की बॉल कोणता, बेस किती फुटांवर अन् पिचर हात वरून आणते की खालून. ग्लोव्ह घाईत घेऊ नका, बर्डीच्या बाजारात ग्लोव्ह मागितला की पहिले विकेटकीपिंगचेच काढून दाखवतात, अन् उजव्या हाताने फेकणारीला ग्लोव्ह डाव्या हाताचा लागतो. अन् स्पर्धेचं सर्टिफिकेट हातात आलं की त्यावर खेळ कोणता लिहिलाय ते तिथल्या तिथे वाचा, सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण असो की दहावीचे ग्रेस मार्क, पडताळणीच्या टेबलावर कागदावरचंच नाव चालतं, "साहेब दोन्ही सारखंच आहे" तिथे कोणी ऐकत नाही.